चांदीची स्मृतिनाणी : त्यांचे वाचन व संग्रह

नाणे पाडले जाते ते खर्चण्याकरिता. ते हातातून हातात जावे, झिजावे आणि त्याच्याकडे कोणी फारसे निरखून पाहू नये, हाच त्याचा नित्याचा धर्म होय. स्मृतिनाण्याची गोष्ट निराळी आहे. लोकांनी ते खर्चण्यापूर्वी क्षणभर हातात थांबवावे आणि एखाद्या व्यक्तीचे, घटनेचे अथवा संकल्पाचे स्मरण करावे, ह्या हेतूनेच सरकार ते आपल्या टांकसाळीत पाडीत असते. अर्थात् स्मृतिनाणे हा एक लहानसा लेखच आहे, आणि लेख म्हटला की तो वाचता आला पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आजीच्या पेटीत सापडलेली नाणी आम्हांस दाखवावयास आणतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : 'सर, ह्याचे किती येतील?' हा प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. चांदी ही चांदीच आहे. परंतु ह्या प्रश्नापूर्वी आणखी दोन प्रश्न विचारावयास हवेत. ह्या नाण्यावर काय लिहिले आहे, हा पहिला. आणि ह्यात चांदी किती आहे, हा दुसरा. ह्या दोहोंची उत्तरे एकापुढे एक मांडली असता नाणे अशा काही गोष्टी सांगू लागते की, ज्या पाडणाऱ्यास बहुधा सांगावयाच्या नव्हत्या. प्रस्तुत लेखात आम्ही स्वतंत्र भारताच्या १९६९ ते १९८५ ह्या कालातील चांदीच्या स्मृतिनाण्यांपुरताच विचार करणार आहो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका देणे अवश्य आहे. १८३५ पासून कंपनी सरकारने आणि पुढे राणीच्या सरकारने जो रुपया चालविला, त्याचे वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन अथवा ११.६६ ग्रॅम होते, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी असणारा 'राणीछाप' तो हाच. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० साली रुपयाचा कस एकदम निम्म्यावर आणण्यात आला. १९४७ साली चांदी रुपयातून पार नाहीशी होऊन निकेलचा रुपया आला. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी परत करावयाची होती, हेही त्याचे एक कारण होते. म्हणजे स्वराज्य आले त्या वर्षीच चांदीने सामान्य माणसाच्या खिशाचा निरोप घेतला. १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ स्वतंत्र भारताने आपले पहिले स्मृतिनाणे काढले. तेही निकेलचेच होते.

ह्या पार्श्वभूमीवर १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. बावीस वर्षांनी लोकांच्या हातात पुन्हा चांदी आली. त्याचे वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर आणि कस शंभरात ८०. म्हणजे एका नाण्यात १२ ग्रॅम शुद्ध चांदी. जुन्या राणीछाप रुपयात असे तिच्याहून थोडी अधिकच. एका बाजूस अशोकस्तंभाचे सिंह व किंमत, दुसऱ्या बाजूस गांधीजींचा मुखवटा, त्यांचे नाव आणि १८६९–१९४८ हे दोन सन. येथे विद्यार्थ्यांनी एक बारीक गोष्ट पाहावी. ह्या नाण्यावर ते केव्हा निघाले तो सन कोठेही नाही. नवशिका संग्राहक १९४८ हा आकडा पाहून ते नाणे त्या वर्षीचे समजतो, आणि काही विक्रेते त्याचा तो समज दूर करण्याची तसदी घेत नाहीत. त्याच वेळी गांधीजींच्याच मुद्रेची वीस पैसे, पन्नास पैसे व एक रुपया अशी नाणीही निघाली. पण ती हलक्या धातूंची. ज्या पुरुषाने आयुष्यभर अपरिग्रहाचा पाठ घालून दिला, त्याची मुद्रा असलेले चांदीचे नाणे लोकांनी पेटीत कुलूप लावून ठेवावे, आणि हलक्या धातूचे मात्र बाजारात फिरावे, हा योगायोग मौजेचा खरा!

पुढच्याच वर्षी, १९७० साली, दहा रुपयांचे दुसरे चांदीचे नाणे आले. वजन व कस तेच. परंतु आता त्यावर कोणी थोर पुरुष नव्हता. त्यावर कमळ आणि सूर्य होता, आणि 'सब के लिए अन्न' असे शब्द होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६८ पासून निरनिराळ्या देशांस अन्नविषयक नाणी काढण्यास प्रवृत्त केले होते, त्या मालिकेतील हे नाणे होय. ते आपल्या देशात का निघावे, हे समजण्यास दूर जावयास नको. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात अवर्षण पडले होते, बिहारात दुष्काळ झाला होता, आणि अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली होती. त्यानंतर नव्या बियाण्यांमुळे गव्हाचे पीक वाढले खरे; तथापि 'सर्वांस अन्न' ही गोष्ट अजून संकल्पाच्याच कोटीतील होती. जे घडले त्याचे स्मरण म्हणून गांधीजींचे नाणे निघाले. जे घडावे अशी इच्छा होती त्याचे स्मरण म्हणून हे निघाले. ह्यापुढची बहुतेक नाणी ह्या दुसऱ्या वर्गातील आहेत.

१९७२ साली स्वातंत्र्यास पंचवीस वर्षे झाली. त्या निमित्ताच्या दहा रुपयांच्या नाण्यावर संसद भवनापुढे ध्वज उभारणारे एक स्त्री-पुरुषांचे जोडपे आहे. नाणे दिसावयास गांधींच्या नाण्यापेक्षा पुष्कळ मोठे आहे. त्याचे वजन सुमारे २२.५ ग्रॅम आहे. मोठे दिसले म्हणून चांदी अधिक असेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्याचा कस शंभरात ५० वर उतरला होता. म्हणजे शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम, पूर्वीपेक्षा थोडी कमीच. आकार वाढला, हीण वाढले आणि चांदी घटली.

आता १९७३ चे नाणे पाहू, कारण ते आपल्या महाराष्ट्राच्या फार जवळचे आहे. त्यावर 'अधिक अन्न पिकवा' अशा अर्थाचे शब्द आहेत. हे नाणे काही आपल्या प्रांताकरिता काढलेले नव्हते, हे खरे. परंतु ज्या वर्षी ते निघाले त्या वर्षी आपल्या प्रांतात काय चालले होते? १९७२ च्या पावसाने दगा दिला होता. विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या भावाने गेली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडीत व माती वाहत होती. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी ह्यांच्या आठवणी आजही त्या पिढीच्या वृद्ध माणसांच्या तोंडून ऐकावयास मिळतात. ज्याच्या शेतात पेरलेले उगवलेच नाही, त्यास 'अधिक पिकवा' असे सांगणारे नाणे त्या साली टांकसाळीतून बाहेर पडत होते. आम्ही हे टीका म्हणून लिहीत नाही. नाण्याचा साचा करावयास वेळ लागतो, आणि पाऊस साच्याची वाट पाहत नाही. परंतु 'अधिक अन्न पिकवा' हे शब्द वाचणाऱ्याने त्यांच्या शेजारी त्या खडीच्या ढिगाचेही चित्र मनात मांडावे, म्हणजे ते नाणे पुरते वाचून होते.

ह्याच १९७३ च्या जोडीत गणिताचा एक सुंदर धडाही आहे. त्या वर्षी ह्याच घोषणेची चांदीची दोन नाणी निघाली : एक दहा रुपयांचे व एक वीस रुपयांचे. कस दोहोंचाही निम्मा. दहाचे वजन सुमारे २२.३ ग्रॅम, विसाचे ३० ग्रॅम. म्हणजे किंमत दुप्पट, पण चांदी दीडपटही नाही. हा सरकारने आपल्याच हाताने कोरून ठेवलेला हिशेब होय.

तो हिशेब आपण पुढे नेऊ. प्रत्येक नाण्यातील शुद्ध चांदीस त्यावरील किमतीने भागले, म्हणजे एका रुपयाच्या वाट्यास किती चांदी येते ते कळते. १९६९ च्या नाण्यात हा वाटा १२०० मिलिग्रॅम येतो. १९७२ साली तो ११२५ होतो, आणि १९७३ च्या विसाच्या नाण्यात ७५०. १९७४ साली पन्नास रुपयांचे नाणे निघाले. त्याचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास आणि कस निम्मा, म्हणून वाटा सुमारे ३५० मिलिग्रॅम. १९८० साली शंभर रुपयांचे नाणे आले; वजन ३५ ग्रॅम, कस निम्मा, वाटा १७५. अकरा वर्षांत १२०० चे १७५ झाले. म्हणजे जवळजवळ सातवा हिस्साच काय तो राहिला. राणीछाप रुपयात हा वाटा दहा हजार सहाशे मिलिग्रॅमहून अधिक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे 'रुपया स्वस्त झाला' ह्या वाक्याचा अर्थ समजावयास अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पन्नास व शंभर रुपयांची ही नाणी बहुधा संग्राहकांकरिता संचांत विकली जात. ती बाजारात भाजी घेण्यासाठी फिरत नसत. त्यामुळे त्यांवरील किंमत ही बाजारभावाची काटेकोर मोजणी नव्हे. तथापि उतरण कोणत्या दिशेने होती, ह्याबद्दल शंका राहत नाही.

१९७४ नंतरच्या घोषणा ओळीने वाचल्या तर त्या काळाचा इतिहासच पुढे उभा राहतो. १९७४ : नियोजित कुटुंब, सर्वांस अन्न. १९७५, हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष : समता, विकास, शांती. १९७६ : सर्वांस अन्न आणि काम. १९७७ : विकासासाठी बचत. १९७८ : सर्वांस अन्न आणि निवारा. १९८० : ग्रामीण स्त्रियांची प्रगती. १९८१ : जागतिक अन्न दिन. आता ह्यांच्या शेजारी घडलेल्या गोष्टी ठेवा. १९७४ साली महागाईने लोक गांजले होते. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली. 'नियोजित कुटुंब' हे शब्द नाण्यावर कोरले गेले, त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६–७७ साली, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी पुष्कळ सक्तीने अथवा दडपणाने झाल्याचे पुढे चौकशीत बाहेर आले. घोषणेतील शब्द चांगला होता. तो कोणत्या मार्गाने अमलात आणला गेला, हे मात्र नाणे सांगत नाही. ते संग्राहकाने आपल्या वहीत नाण्यासमोर लिहून ठेवावे. अशी वही नसलेला संग्रह म्हणजे नुसती चांदीची रास होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडासामने झाले, त्यांचे शंभर रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मतेचेही निघाले. १९८५ साली श्रीमती इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ नाणे आले. ह्यानंतरही चांदीची स्मृतिनाणी निघत राहिली आहेत. २०२३ साली नव्या संसद भवनाच्या प्रसंगी निघालेले पंचाहत्तर रुपयांचे नाणे निम्म्या चांदीचे आहे, आणि २०२४ साली रिझर्व्ह बँकेस नव्वद वर्षे झाली तेव्हाचे नव्वद रुपयांचे नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे, ४० ग्रॅमचे आहे. परंतु ह्या नव्या नाण्यांवरील किंमत केवळ नावापुरती असल्याने वरचा हिशेब त्यांस लावून उपयोग नाही.

जुनी चांदीची नाणी विरळ का झाली, ह्याचे कारणही चांदीतच आहे. १९७९ च्या अखेरीस अमेरिकेतील काही धनाढ्यांनी चांदीची प्रचंड खरेदी केली, आणि जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात भाव औंसास पन्नास डॉलरांच्या घरात जाऊन पोचला. मार्चमध्ये तो कोसळला. मधल्या काळात देशोदेशीची असंख्य चांदीची नाणी मुशीत गेली. जेव्हा जेव्हा भाव चढतो, तेव्हा तेव्हा असेच घडते. सराफ नाणे तराजूत टाकतो आणि मोडीच्या भावाने घेतो. त्यावरील शब्दांचे त्यास काय होय? म्हणून घरी असे नाणे असेल तर ते विकण्यापूर्वी निदान कोणते आहे ते तरी पाहावे, अशी आमची पालकांस विनंती आहे.

आता ओळख व जपणूक ह्यांविषयी. सनाच्या खाली एखादी बारीक खूण आहे काय, ते भिंगाने पाहावे. चौकटीच्या पानासारखी खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे. खूण नसणे हीच कलकत्त्याची खूण होय. ज्या नाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो आणि ज्यावर बी हे इंग्रजी अक्षर आहे, ते मुंबईस संग्राहकांकरिता मुद्दाम काळजीने पाडलेले असते. ज्यावर किंमत कोरलेली नाही ते नाणे नव्हे, पदक होय. १९११ च्या दिल्ली दरबाराची पदके नाणी म्हणून विकली जातात, तेथे हा नियम उपयोगी पडतो. रामपंचायतनाची मुद्रा आणि १८१८ हा सन असलेली 'कंपनी सरकारची' नाणी बाजारात पुष्कळ दिसतात. कंपनीने तशी नाणी कधीही पाडली नाहीत. त्या केवळ टिकल्या आहेत. त्यांस हजारो रुपये देणाऱ्या भोळ्या माणसांची आम्हांस कीव येते.

चांदी खरी की खोटी, हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येते. लोहचुंबक जवळ न्यावा. १९६९ चा गांधींचा एक रुपया निकेलचा असल्याने चिकटतो. दहा रुपये चिकटत नाहीत. पण तांबे-निकेलची नक्कलही चिकटत नाही, म्हणून आर्किमिडीजची मदत घ्यावी. दहाचे नाणे बारीक दोऱ्याने टांगून प्रथम हवेत व मग पाण्यात तोलावे. चांदीखेरीज उरलेला भाग तांब्याचा धरला, तर हवेत १५ ग्रॅम भरणारे नाणे पाण्यात सुमारे १३.५ ग्रॅम भरेल. तांबे-निकेलचे तेवढ्याच वजनाचे नाणे १३.३ च्या जवळ येईल. फरक फार थोडा आहे, त्यामुळे किराण्याचा काटा येथे चालत नाही. प्रयोगशाळेतील तराजूच हवा. आठवीच्या पुस्तकातील नियमाचा इतका चोख उपयोग दुसरीकडे क्वचितच होत असेल.

नाणे घासू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच. चांदीवर काळसर छटा येते ती हवेतील गंधकयुक्त वायूमुळे. ती निघावी म्हणून चिंच, राख वा रांगोळी लावून तांब्याच्या घंगाळासारखे नाणे चकचकीत करणारी हौशी मंडळी आम्ही पाहिली आहेत. त्या घासण्याने वरचा थर जातो, मुखवट्याचे केस व कानाची पाळी सपाट होते, आणि जाणता संग्राहक त्या नाण्यास हात लावीत नाही. नाणे नेहमी कडेने धरावे. ते रबराच्या पट्टीने कधीही बांधू नये, कारण रबरात गंधक असते. मऊ, चिकट प्लॅस्टिकच्या पाकिटांपेक्षा जाड कागदाची खिडकीची चौकट बरी. पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय अवश्य पाहावे.

शेवटी खर्चाची गोष्ट. चांदीचे एक नाणे घेणे देखील आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु १९७४ ते १९७९ ह्या वर्षांत ज्या घोषणा निघाल्या, त्याच शब्दांची व त्याच चित्रांची दहा पैशांची नाणीही त्या त्या साली ॲल्युमिनियमची निघाली होती. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हापासून ती डबे, देव्हारे आणि शिवणयंत्रांचे खण ह्यांत पडून आहेत. वजनाला पिसासारखी, किमतीला जवळजवळ शून्य. शब्द मात्र तेच आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरची भांडी खाली उतरतील, तेव्हा ती शोधावी, सनाप्रमाणे लावावी, आणि प्रत्येकीसमोर त्या वर्षी आपल्या गावात पाऊस किती पडला होता हे आजोबांस विचारून वहीत लिहावे.